हिरामावशींच्या बोटातली अंगठी

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

मी मुरुडला घरीच ब्राँझच्या तारेचे दागिने करते. आज सकाळी कॉलेजातल्या एका मुलीसाठी अंगठी वळत होते. साधाच वेढा द्यायचा होता, पण बोटं आपोआप फिरली आणि तारेला एक वेगळीच गाठ पडली. छान दिसली, म्हणून फोटो स्टेटसला ठेवला.

तासाभरात आमच्या नेहमीच्या मासळीवाल्या हिरामावशी दारात उभ्या. हातात मोबाइल.

"ही गाठ तुला कोनी शिकवली?"

"कुणीच नाही, मावशी. आपोआप पडली."

त्या उंबऱ्यावर बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचे यजमान होडीवर फावल्या वेळात तारेची अशीच गाठ वळायचे. दोन वर्षांपूर्वी होडी परत आली, ते आले नाहीत.

"त्यांच्याबिगर ही कोनाला येत नव्हती. मलापन न्हाय."

मावशींनी अंगठी उचलून बोटात घातली. माप त्या मुलीच्या बारीक बोटाचं, मी स्वतः घेतलेलं. मावशींच्या जाड बोटात ती अलगद बसली.

"लई वाट बगितली," एवढंच म्हणाल्या आणि अंगठी तशीच घालून घरी गेल्या. मी थांबवलं नाही.

मग त्या मुलीसाठी पुन्हा तार घेतली. फोटो समोर ठेवून पाच वेळा प्रयत्न केला, पण ती गाठ काही केल्या पडत नाही.

तुम्हीच सांगा, सकाळी माझ्या हातांनी नक्की कोण काम करत होतं?