शेळ्यांच्या खोलीची घरपट्टी

दुष्काळी माण तालुक्यातून आई-वडील इकडं आले ते शेळ्या घेऊनच. शहराच्या कडेला त्यांनी दोन खोल्या बांधल्या. विटा वडिलांनी रचल्या, भिंतींवर पाणी आईनं मारलं. मागं पत्र्याचा गोठा. पुढं हद्दवाढ झाली. नळ आला नाही, गटार आलं नाही. घरपट्टी ठरवायला पालिकेचा मोजणीवाला तेवढा आला.

आला तोही नेमका कोरेगावचे पाहुणे बसलेले असताना. थोरल्या भावाला स्थळ आलं होतं, आणि आमच्याकडं मुलीची माणसं आधी घर बघून जातात. शेळ्या सकाळीच शेजारी नेऊन बांधल्या होत्या.

"मागं काय आहे?" मोजणीवाल्यानं विचारलं.

मुलीच्या मामांनी कप खाली ठेवला.

"खोलीच हाय की," आई म्हणाली. "पोराच्या लग्नासाठी."

दुसरं काय म्हणणार होती? पाहुण्यांदेखत आपल्या घरात गोठा दाखवायचा?

लग्न झालं. मागोमाग घरपट्टीचं बिल आलं, तीन खोल्यांचं. मोजणीवाल्यानं मागं न बघताच लिहिलं होतं. वडील हमाली करतात. ते म्हणाले, "शेळ्या इकू आन् भरू." म्हणजे ज्या शेळ्या तिथं राहतात, त्या विकून त्याच जागेचा कर भरायचा!

समोरचे बंगलेवाले तर हसले. "मावशी, आमी वरचा मजला अडगळ म्हणून सांगितला. तुमी पण सांगायचं की!"

त्यांच्या अडगळीला एसी आहे.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हरकतीचा अर्ज लिहिला आणि सुनावणीला गेले.

साहेब म्हणाले, "खोली आहे असं तुमच्या आईंनीच सांगितलंय."

"समोरच्यांनी सांगितलेलं पण तुम्ही मानलंत. त्यांचं खोटं सोयीचं आणि आमचं महागाचं, असं कसं?"

"तुम्ही तुमच्यापुरतं बोला."

"मग माझ्यापुरतंच येऊन बघा."

घरी आई माझ्यावरच उखडली. "सुनंच्या म्हायेरी काय वाटंल? खोली सांगून गोठा दिला म्हणत्याल. ऱ्हाऊ दे ती हरकत, शेळ्या जाऊ द्यात."

मी अर्ज मागं घेतला नाही. गरिबानं अब्रूही सांभाळायची आणि वर तिच्यावर करही भरायचा, हे मला पटणारं नव्हतं.

मोजणीवाला पुन्हा आला. आई दार अडवून उभी. तेवढ्यात वहिनी पदर खोचून पुढं झाली.

"या आवं, मागं या. लेंड्या बघून पाय टाका."

आईचा चेहरा उतरला. तशी वहिनी तिला म्हणाली, "आत्या, आमच्या मामाला त्या दिवशीच वास आला हुता. म्हणाला, दुभतं हाय, पोरगी उपाशी न्हाई ऱ्हायची."

मोजणीवाल्यानं खोली खोडली, गोठा लिहिला. शेळ्या वाचल्या. मी म्हटलं, "आता समोरची अडगळ बघून घ्या. जिना चांगला रुंद आहे."

"त्यांची काही तक्रार नाही," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

मागून वहिनी ओरडली, "आवं सायब, जावा की! तिकडं लेंड्या न्हाईत!"