राजूरचा साक्षीदार

माझे मालक लढाईवरून परत आले तेव्हा त्यांचे हातपाय शाबूत होते. त्यामुळं गावाला ते धडधाकट वाटले, आणि मलाही. एकाहत्तरची लढाई संपून काही महिने झाले होते. त्यांची नोकरी पुरी झाली आणि पत्र्याची काळी ट्रंक घेऊन ते नेवाशाच्या स्टँडवर उतरले. ट्रंक उचलायला वाकले आणि तसेच जमिनीला दोन्ही हात टेकून खाली बसले. मला वाटलं, ऊन बाधलं असेल.

"काय होतंय हो?" मी विचारलं.

"काही नाही. थांब जरा. स्टँड फिरायचं थांबू दे."

ते हसत म्हणाले, म्हणून मीही हसले.

पुढं महिन्याभरात ते हसणं संपलं. बरे असले की ते चारचौघांसारखे असत. बैल धुवायचे, बांध घालायचे. मग एखाद्या सकाळी म्हणायचे, "डावा कान भरून आलाय," आणि मी हातातलं काम टाकून खाट आत ओढून ठेवायची. कारण कान भरून आला की दिवस मावळायच्या आत त्यांना झटका यायचा. खाटेच्या दोन्ही बाजूंच्या लाकडांना घट्ट धरून ते पडून राहत, जणू कुणी खाट उलटी करणार आहे. ओकाऱ्या थांबत नसत. पण मला भीती वाटायची ती त्यांच्या डोळ्यांची. बुबुळं आपोआप एका बाजूला सरकत आणि झटक्यानं परत येत, पुन्हा सरकत. माणूस समोर आणि डोळे मात्र त्याच्या ताब्यात नाहीत.

आमचं गाव शिंगणापूरपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. सासूबाईंनी ठरवून टाकलं, साडेसाती आहे. दर शनिवारी त्या चालत जाऊन शनीला तेल घालून यायच्या. गावानं वेगळंच ठरवलं होतं. मिलिटरीतला माणूस, तिथं रम मिळते, सवय लागली, दुसरं काय? मालकांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्यांच्या वाट्याची रम ते दुसऱ्यांना देऊन टाकत. पण भिंतीला धरून चालणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?

त्या साली पाऊस झाला नाही. शेतात काही उरलं नाही तेव्हा आम्ही दोघं दुष्काळी कामावर, तलावाच्या भरावावर जायला लागलो. डोक्यावर मातीची पाटी घेऊन चढताना ते एकदा कोसळले ते थेट खालच्या बायकांच्या अंगावर. मुकादम सगळ्यांसमोर ओरडला, "पिऊन कामावर यायचं न्हाई! घरी जा."

ते पाटी तिथंच ठेवून निघाले. घरी आल्यावर भाकरी समोर ठेवली ती तशीच राहिली.

मग मी हट्टानं त्यांना नगरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलायचे. त्यांनी सांगितलं की कानाच्या पडद्याच्याही आत, हाडात, माणसाचा तोल सांभाळणारी जागा असते. यांची ती जागा दुखावली आहे.

"लष्करात होता म्हणालात. तोफेवर का? एखादा स्फोट फार जवळ झाला होता का?"

मालकांनी होकाराची मान हलवली. ही गोष्ट मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. शत्रूचा गोळा त्यांच्या तोफेशेजारी फुटला होता. ते आणि त्यांचा एक जोडीदार, दोघं फेकले गेले. दोघांच्याही कानातून रक्त आलं. तंबूतल्या दवाखान्यात कापूस घातला आणि लढाई चालू होती म्हणून लगेच परत तोफेवर पाठवलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. निघताना मला एकटीला मागं थांबवलं. "बाई, यांना उंचावर, विहिरीवर, पाण्याकाठी एकटं जाऊ देऊ नका. असली माणसं कानानं मरत नाहीत, पडून मरतात."

त्यानंतर आम्ही अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. लष्करी डॉक्टरांच्या बोर्डापुढं बोलावणं आलं. नेमके त्या दिवशी मालक बरे होते. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, ते उभे राहिले. चालायला सांगितलं, ते चालले. कानाचा फाटलेला पडदा आता जुळून आला होता. तंबूतल्या दवाखान्याची कसलीच नोंद सापडत नव्हती. बोर्डानं सांगितलं, हा आजार नोकरीमुळं झाला असं म्हणता येत नाही. स्फोट झाला तेव्हा हजर असलेला कुणी असेल तर त्याला घेऊन या.

"आहे की, तोफेवरचा जोडीदार," मालक बाहेर येऊन म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर उजेड दिसला. "राजूरच्या वरच्या अंगाला त्याचं गाव आहे. बाजारात कुणालाही विचार म्हणाला होता."

थंडी संपता संपता आम्ही निघालो. एस्टीनं श्रीरामपूर, तिथून संगमनेर, अकोले करत राजूरला पोचलो. बाजाराचा दिवस होता. आमच्याकडच्या करपलेल्या रानातून आलेल्या मला ते डोंगर बघून बरं वाटायला हवं होतं. पण कडे इतके सरळ उभे होते की माझं लक्ष मालकांच्या पावलांवरून हलेना.

चहाच्या दुकानात त्यांनी जोडीदाराचं नाव काढलं. दुकानदाराचा हात किटलीवर तसाच राहिला.

"तुमी कोन त्याचे?"

"पलटणीत बरोबर होतो."

"तो गेला की. दिवाळीच्या आधी." त्यानं हातानं वर, कड्याकडं दाखवलं. "तिथनं. पिऊन चालला हुता म्हनत्यात."

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, "परत जाऊ या." ते म्हणाले, "त्याच्या घरी न जाता?"

बाजारातून परतणाऱ्या बायकांच्या मागं आम्ही चढू लागलो. वाट पुढं कड्याच्या कडेनं जात होती. एका अंगाला काळा खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. बायका डोक्यावर ओझी घेऊन झपझप पुढं निघून गेल्या. मालक थांबले. त्यांनी डाव्या कानावर तळहात दाबला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"स्टँडवर उतरल्यापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

उत्तर द्यायच्या आत त्यांचे डोळे सरकायला लागले. मी त्यांना खडकाकडं ढकललं आणि त्यांच्या छातीवर माझा सगळा भार टाकून बसले. ते ओकत होते. हात खडक धरायला बघत होते, पण भलत्याच दिशेला, दरीकडं जात होते. त्यांना वाटत होतं खडक तिकडं आहे. ते ताकदीचे गडी. त्यांनी जोर लावला असता तर मी त्यांना धरू शकले नसते. मी ओरडत राहिले. माझाच आवाज समोरच्या डोंगरावरून परत येत होता.

वरून एक बाई उतरत आली. तरणी होती. कपाळ उघडं होतं. तिनं मालकांच्या डोळ्यांकडं एकदा बघितलं आणि खाली बसून त्यांचा दुसरा दंड पकडला.

"डोळं मिटा दादा. पाठ दगडाला लावा. आता बसूनच सरकायचं, उठायचं न्हाई."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आमचं मानूस शेवटी शेवटी बसूनच यायचं या वाटंनं."

ती जोडीदाराची विधवा होती.

बसून सरकत आम्ही तिच्या झोपडीपर्यंत गेलो. मालक ओटीवर निजून राहिले. तिनं मला सांगितलं, "प्याला न्हवता ओ ताई. सकाळपासनं म्हनत हुता, कान भरून आलाय. मी म्हनलं, नको जाऊ बाजाराला. म्हनला, सारखं घरात बसून लोकं हसत्यात." एवढं सांगून ती चुलीकडं वळली. ओटीवर मालक जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

साक्षीदार नव्हताच, पण विधवा आमच्याबरोबर बोर्डापुढं आली. तिलाही नवऱ्याचं पेन्शन मागायचं होतं. तिचं ऐकून साहेबांनी नकाराची मान हलवली. माणूस घरी आल्यावर कड्यावरून पडला, त्याचा लष्कराशी संबंध कसा लावायचा? ती उठली नाही. मालकांकडं बोट करून म्हणाली, "ह्यो बी तसाच पडंल. पडल्यावर त्यालाबी म्हना, पिऊन पडला."

मग कोपऱ्यात बसलेले थोरले डॉक्टर उठले. त्यांनी मालकांना टेबलावर झोपवलं आणि पिचकारीनं उजव्या कानात थंड पाणी सोडलं. तशी त्यांची बुबुळं थरथरत सरकायला लागली, ते टेबल धरून ओरडले. थोड्या वेळानं डाव्या कानात पाणी सोडलं. काही झालं नाही. डोळे स्थिर, अगदी शांत. पुन्हा सोडलं. तरी नाही.

"इथं काही उरलेलंच नाही," डॉक्टर दुसऱ्या साहेबांना म्हणाले. "याचं सोंग करता येत नाही." मग मालकांचा कान पुसत त्यांनी हळूच सांगितलं, "दुसऱ्या कानाला जप. तोही गेला तर अंधारात चालता यायचं नाही."

मालकांना पेन्शन मंजूर झालं. तिला झालं नाही.

तेव्हापासून मी रस्त्यानं त्यांच्या मागून चालत नाही, डाव्या अंगानं चालते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर असतो. गाव हसायचं तेवढं हसलं. उजव्या कानात जरा खाजलं तरी ते जागीच थांबतात आणि मी त्यांच्या डोळ्यांकडं बघते.

जोडीदाराच्या विधवेसाठी मी अर्ज लिहीत राहिले. प्रत्येक अर्जाला तेच उत्तर आलं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं राजूरच्या बाजारात तिला भेटायला गेलो. ती हिरडे विकायला बसली होती. मी नवा अर्ज काढला, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या ताई. पेन्शन न्हाई तर न्हाई. पर तो प्याला न्हवता, येवढं तरी त्यांनी लिवून द्यावं. पोरगी मोठी व्हतीय, तिला साळंत समदी इचारत्यात."

मालक तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मग चहाच्या दुकानात जाऊन, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, त्यांनी 'पिऊन चालला हुता' म्हणालेल्या त्या दुकानदाराला आपल्या कानाची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.