समोरच्यालाही तेवढंच वर्ष

आमच्या शेजारचे काका इथे परदेशात, नोव्हाय शहराच्या थंडीतही गॅरेजचं दार उघडं ठेवून, कोट घालून तिथेच चहा पितात. उभी हयात मोटारींच्या कारखान्यात गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते असेंब्ली लाइनवरून समजावतात.

माझ्या मुलीची शाळेतली पहिली वादविवाद स्पर्धा होती. म्युनिक करारात हिटलरपुढे नमतं घेऊन ब्रिटनने शस्त्रसज्जतेसाठी वेळ मिळवला का, हा विषय. तिच्या वाट्याला 'नाही' ही बाजू आली आणि ती नाव मागे घ्यायला निघाली, कारण मी जमवून दिलेले ब्रिटिश विमानांचे सगळे आकडे 'हो' म्हणत होते. काकांचं मतही 'हो'च.

"ऑर्डर दिली की विमान येत नाही गं. आधी लाइन उभारावी लागते. युद्धाआधीचं ते एक वर्ष हवंच होतं."

तिचा चेहरा पडला. काकांनी कप खाली ठेवला.

"पण लाइन काय एकट्या ब्रिटनचीच चालू होती? जर्मनीलाही तेच वर्ष मिळालं. वर चेकोस्लोव्हाकियाचे रणगाड्यांचे कारखाने आयते. हे मला कुणी विचारलं, तर मी अडकतो."

स्वतःला अडकवणारा मुद्दा त्यांनी आपणहून तिच्या हाती दिला. मी आकडेमोडीतला माणूस, पण दुसरा, जर्मनीचा रकाना मला सुचला नव्हता. ती स्पर्धेत उभी राहिली ती काकांमुळे, हे मी विसरणार नाही.

जिंकून आल्यावर ती थेट गॅरेजमध्ये गेली.

"काका, मत बदललं?"

"छे! उत्तर शोधतोय. रविवारपर्यंत वेळ दे."

"शुअर, काका. बट आय गेट टिल संडे टू."