झिपरीचा पाय

हट्टा गावात बैलाला नाल ठोकायचे म्हटले की देविदासच. माजलेला लाल कंधारी बैलसुद्धा त्याचा दोर पायात पडला की धप्पकन आडवा व्हायचा. चारी पाय बांधायचे, एकाने मान दाबून धरायची आणि बैलाने कितीही हिसके दिले तरी खूर सोडायचा नाही, ही त्याची रीत. एकदा सोडलं की जनावर शिकतं, असं तो येईल त्याला ऐकवायचा. आता गावात ट्रॅक्टर आले, बैल मोजकेच उरले. देविदासची ऐट मात्र तसूभर कमी झाली नव्हती.

त्याच ऐटीत त्याने झिपरीला दुखावलं. झिपरी ही त्याची म्हातारी कुत्री. तिच्या पुढच्या पायाचं आतलं नख, जे जमिनीला टेकत नाही म्हणून झिजतही नाही, ते वाढून गोल वळलं होतं आणि कातडीत रुतायला आलं होतं. टोक तेवढं कापा, नाहीतर पाय चिघळेल, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. देविदासने दोर काढला, झिपरीला बैलासारखं पाडलं आणि पाय बांधले. ती अशी किंचाळली की शेजारचा भीमराज ताटावरून उठून धावत आला. तेवढ्यात गाठ सैल झाली आणि झिपरी निसटली. नख राहिलं तसंच.

त्या दिवसापासून ती त्याच्या वाऱ्याला उभी राहीना. जन्मभर त्याच्या खाटेखाली झोपलेली कुत्री, आता तो अंगणात आला की लंगडत गोठ्यामागे जायची. देविदासला घास गोड लागेना. बायको, जनकाबाई, हे सगळं बघत होती. शेवटी तिने त्याला धारेवर धरलंच.

"अवं, कासार बांगड्या भरताना हात पिरगाळतो का? आदी गप्पा हानतो, हात चोळून मऊ करतो. बाईनं आई गं म्हनलं की थांबतो. तुमी थांबले का?"

"सोडलं की जनावर शिकतं," देविदास पुटपुटला.

"मंग शिकू द्या की. तुमी सोडता, हे शिकू द्या तिला."

दुसऱ्या दिवशी तो भाकरीचा तुकडा घेऊन अंगणात फतकल मारून बसला. झिपरी आधी लांबूनच घास उचलून पळायची. मग जवळ बसू लागली. खांद्यावर हात, एक घास. कोपरापर्यंत हात, आणखी एक घास. पंजाला बोट लागलं की ती पाय ओढायची आणि देविदासची मूठ आपोआप आवळायची. हाताची सवय ती, अशी थोडीच जाते! तो मनाला आवरून बोटं उघडायचा आणि म्हणायचा, "घे बाई, तुझा पाय तुझ्यापाशी."

"देविदासभाऊ, कुत्रीचे पाय दाबून राहिले काय?" भीमराज कुंपणावरून ओरडायचा.

"व्हय. तुझे बी दाबू का?"

नखाचं टोक रोज आत सरकत होतं, कातडी लाल दिसत होती. देविदासचा जीव खालीवर व्हायचा, तरी त्याने घाई केली नाही. नख कापायची कात्री त्याने भाकरीशेजारी नुसती ठेवली. मग ती हवेतच वाजवली. झिपरीने कान टवकारले आणि घास खाल्ला.

एका संध्याकाळी पंजा त्याच्या तळहातावर टिकला. कात्री जवळ येताच तिने पाय ओढला, त्याने सोडला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, त्याने पुन्हा सोडला. मग मात्र तिने त्याच्याकडे बघितलं आणि पाय तसाच राहू दिला. कट्ट आवाज झाला, नखाचं टोक मातीत पडलं. रक्ताचा थेंबही नाही.

"झालं गं माय. जा आता," तो हात मोकळा करून म्हणाला. झिपरी गेली नाही. त्याच्या मांडीवर पाय टाकून ती तिथेच आडवी झाली आणि घोरायला लागली. देविदासचे डोळे भरून आले. अंधार पडला, मांडीला मुंग्या आल्या.

"जेवायला उठत काहून न्हाई?" जनकाबाईने घरातून हाक मारली.

"ताट हितंच आन," तो हळूच म्हणाला. "तिनं पाय ठिवलाय."