डांबरी रस्त्यावरची हळद

शिनोलीच्या थांब्यावर मी एसटीत चढले, तेव्हा आई रडली नाही. डोंगराकडं हात करून म्हणाली, "जा बाय. हितं आता भाकरीतबी खडी लागती."

आमच्या वाडीच्या वर डोंगर फोडून खडी करणारा क्रशर सुरू झाला होता. शिजवलेली हळद अंगणात पसरली की तिच्यावर दगडाची भुकटी बसायची. हळद घेणारे जुन्नरचे रशीदचाचा हळकुंडाची कांडी चावून बघायचे. "कचकच लागते भाऊ, गिऱ्हाईक परत आणून देतं," म्हणायचे. वडिलांनी हळद लावणंच सोडलं. मी लग्न होऊन मोशीला आले. फ्लॅट, लिफ्ट, कंपनीची शिफ्ट आणि पाकिटातली हळद. ती भाजीत टाकताना दरवेळी डोकं फिरायचं. डोंगर दुसऱ्याच्या इमारतीत गेला आणि धूळ तेवढी आमच्या वाट्याला आली.

माझ्या भावजयीनं, कमलनं, गेल्या वर्षी हट्टानं पुन्हा हळद लावली. पीक उत्तम आलं. वाळवायची वेळ आली आणि पुन्हा तीच धूळ. धूळ अडवायला क्रशरला पत्रे ठोका, पाणी मारा, एवढंच तिनं मागितलं. मालक म्हणाला, "हळदीनं रस्ते व्हत्यात का?" ऐकून वाडीतलेच चारजण हसले. त्या हसण्याचा राग मला आजही आवरत नाही.

कमलचा फोन आला. "वन्सं, येताय का? हळद क्रशरच्या रस्त्यावर घालणार हाय. डंपर थांबलं की धूळ थांबंल."

मी रजा टाकली. आम्ही बायकांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत डांबरावर हळद पसरली आणि शेजारी बसलो. डंपरांची रांग लागली. मालक धावत आला. "काकू, उचला हे!"

"उचलते की," कमल म्हणाली. "वाळली की उचलते."

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्यातल्या चुलतभावानं लिहिलं, विकास अडवू नका. मी तिथूनच कळवलं, "तुझ्या खिडकीला जाळी आहे. कमलच्या अंगणाला नाही." माझ्यासारख्या गाव सोडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांनाच सांगते, दुरून शहाणपण शिकवू नका.

खडी उचलली जाईना, म्हणून क्रशर बंद पडला. हळद लख्ख वाळली. रशीदचाचा स्वतः आले, कांडी चावून बघितली आणि सगळी घेऊन गेले. वाळवणीच्या दिवसांत क्रशर बंद ठेवायचं मालकानं कबूल केलं. पत्रे मात्र अर्धेच लागलेत. उरलेल्या पत्र्यांसाठी त्याच्या दारात जायचंय, आणि कमलनं मला धरूनच माणसं मोजलीत.

गाव सुटलं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आता मोशीत कुणी घर विचारलं तर शिनोलीकडचं सांगते. माझ्यावाचून जिथलं भांडण अडतं, तेच माझं घर.