वकीलसाहेबांची पहिली पोळी

इथे नेदरलँड्समध्ये, टिलबर्गमधली आमची मराठी मंडळी रविवारी कुणा ना कुणाकडे जमते. दर वेळी एखादा किस्सा घडतोच, आणि पुढच्या रविवारपर्यंत तो चांगला फुगलेला असतो! गेल्या उन्हाळ्यात मात्र माझ्या मैत्रिणीचे, केतकीचे, सासरे साताऱ्याहून आले आणि बाकी सगळ्यांचे किस्से मागे पडले.

सासऱ्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो. नानांचे पणजोबा इंग्रजांच्या काळात वकील होते. घरात अजूनही त्यांना 'वकीलसाहेब'च म्हणायचं. नाना स्वतः पोस्टातून रिटायर झाले, पण बोलतात असे, की काल संध्याकाळीच साहेबांचा कोट खुंटीला लावून आलेत.

*

नानांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. केतकी त्यांना हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला काही?"

"पणजोबा वकील!" नाना सरसावून बसले. मग साताऱ्याचं कोर्ट आलं, घोडागाडी आली, उठून शेकहॅंड करणारा गोरा जज्ज आला. इथली अपॉइंटमेंट दहा मिनिटांची! बिचाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ते गेले कशाने?"

"केस जिंकून!" नाना म्हणाले.

*

केतकीच्या शेजारी हेंक राहतो. रिटायर्ड माणूस, आपले पूर्वज हुडकायचा भारी नाद. "आमचे सगळे शेतमजूर! एकजण तर डुक्कर चोरून तुरुंगात गेला!" हे तो छाती फुगवून सांगतो. नानांना त्याची दया आली आणि त्यांनी आपले वकीलसाहेब बाहेर काढले.

"त्यांचे वडील काय करायचे?" हेंकने विचारलं.

"साहेब लहान असतानाच वारले."

"मग साहेब शिकले कशावर?"

नाना खिडकीकडे वळले. "आज हवा छान आहे," म्हणाले. बाहेर धो धो पाऊस!

*

ह्या घराण्यात एक गंमतशीर नियम आहे, खुद्द वकीलसाहेबांनी घातलेला. सणाच्या दिवशी पहिली पोळी पुरुषाने लाटायची आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला वाढायची. मगच बाकीची पानं.

केतकीचा नवरा अजिंक्य आइंडहोवनला चिप बनवायच्या मशीनवर काम करतो. सगळी मापं डोळ्यांना न दिसणारी. गणपतीत त्याने पोळी लाटली, तर हुबेहूब नेदरलँड्सचा नकाशा, खाली लिंबुर्ग प्रांताच्या शेपटासकट! नानांची मात्र गोल गरगरीत आणि तव्यावर टम्म.

मी म्हटलं, "नाना, हा नियम का हो?"

"नियमाला कारण विचारू नये," नाना एकदम तुटकपणे म्हणाले.

*

केतकी इथे आली ती डिपेंडंट व्हिसावर. पुढे खटपट करून नोकरी मिळवली, पण त्याच उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. तेव्हा तिने डबे द्यायचं ठरवलं. एकटी राहणारी इंजिनियर पोरं इथे कमी नाहीत, पहिल्या शनिवारच्या ऑर्डरी लगेच आल्या.

नाना एकच वाक्य बोलले. "वकिलांच्या घरातली सून परक्यांना पोळ्या लाटून देणार?"

केतकी माझ्याकडे येऊन रडली. "त्यांचं मन मोडून मी नाही करणार गं. शनिवारचे डबे कबूल केलेत तेवढे देते आणि बंद करते. पण मग मी इथे करू काय?" मला नानांचा असा राग आला!

*

आणि नेमकी शुक्रवारी केतकी सायकलवरून पडली. मनगट सुजून हे एवढं! शनिवारी सकाळी भाजी तयार, कणीक मळलेली, आणि लाटायला मी नि अजिंक्य. अजिंक्यचे नकाशे सुरू झाले. माझ्याही पोळ्यांबद्दल न बोललेलं बरं.

नाना हॉलमध्ये बसून बघत होते. थोड्या वेळाने उठले, हात धुतले आणि आत येऊन म्हणाले, "सरका."

मग पोळीवर पोळी पडायला लागली. तेवढ्यात हेंक त्याने सांगितलेला डबा न्यायला आला, नानांना बघून दारातच थबकला. "नाना, तुमचं घराणं तर वकिलांचं ना?"

नानांनी हातातली पोळी आधी तव्यावर टाकली. "साहेब शिकले कशावर, असं तुम्ही विचारलं होतं." त्यांनी लाटणं वर धरलं. "ह्यावर. त्यांची आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायची."

केतकी ओट्याला टेकून उभी होती, तिचे डोळे भरून आले. हेंक मात्र खूश! "म्हणजे हा तुमचा फॅमिली बिझनेस!"

"अर्थात," नाना म्हणाले. "वकिली मधेच आली. केतकी, सोमवारचे डबे किती?"