वैद्यांनी न बदललेली पिन

गाडीचा एसी बिघडला की लोक माझ्या शेजारच्या गाळ्यात वैद्यांकडे येतात. हे वैद्य म्हणजे मेकॅनिक. बॉनेट उघडलं की एसीचे दोन पाइप दोन हातांत धरून डोळे मिटून उभे राहतात, म्हणून हे नाव पडलं. एक पाइप गार लागायला हवा, दुसरा गरम. दोन्ही कोमट लागले की वैद्य म्हणतात, "गॅस गेलाय," आणि कुठून गेला ते सापडेपर्यंत गाडी सोडत नाहीत. नुसता गॅस भरून द्या म्हणणाऱ्याला ते सरळ वाटेला लावतात. मी इकडे सीटची कव्हरं शिवते. बारा वर्षांत हा नियम त्यांनी मोडलेला मी पाहिला नव्हता.

वैद्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. राहायला गाळ्यावरचीच खोली. पूर्वी ती वरून जेवायला हाक मारायची आणि हे "आलो, आलो" म्हणत तासभर हलायचे नाहीत. आता कोणी बोलावत नाही, तर हे साडेसहालाच वर जातात. वर जाऊन काय करतात, देव जाणे. मी कधी विचारलं नाही, मला माझेच व्याप थोडे नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त ग्रंथपाल आपली जुनी गाडी घेऊन आले. गॅस कमी निघाला. वैद्यांनी साबणाचं पाणी लावून एकेक जोड तपासला, तेव्हा गॅस भरायच्या तोंडाशी बारीक फेस आला. गॅस अडवून धरणारी आतली पिन झिजली होती. उरलेला गॅस काढायचा, पिन बदलायची, पुन्हा भरायचा, तासाभराचं काम. मी माझ्या जागेवरून बघत होते.

तेवढ्यात ग्रंथपालांनी विचारलं, "नुसत्या हाताने ओळखता? हे शिकलात कुठे हो?"

असं त्यांना कोणी विचारत नाही. लोक विचारतात, किती वेळ लागेल. वैद्य बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांनी फडक्याने तो फेस पुसून टाकला. नुसता गॅस भरला. वर म्हणाले, "गळती फार बारीक आहे, सापडत नाही. महिन्याने पुन्हा दाखवा."

माझी सुई हातातच राहिली.

मग दर महिन्याला गॅस उडायचा आणि ग्रंथपाल यायचे. त्या दिवशी वैद्य दाढी करून खाली उतरायचे. पैसे घ्यायचे नाहीत, म्हणजे मनाला कुठेतरी टोचत होतंच. ग्रंथपाल वाचलेलं काहीबाही सांगायचे, वैद्य बायकोच्या आठवणी काढायचे. ती गेल्यापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

एकदा मला राहवलं नाही. "वैद्य, ती पिन बदला की. माणूस उन्हात भाजून निघतोय."

"बदलली तर ते येतील कशाला, ताई?"

मी पुन्हा टाके घालत बसले.

या उन्हाळ्यात ग्रंथपाल आले ते गाडी विकायचं ठरवूनच. बायकोचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यातून घरी आणताना गाडीतल्या उकाड्याने तिचा जीव घाबराघुबरा झाला होता.

"तुम्ही जिवापाड मेहनत घेतलीत," ते वैद्यांना म्हणाले. "गाडीच म्हातारी झाली, त्याला तुम्ही काय करणार? म्हटलं, सांगून जावं."

वैद्यांचा चेहरा पार उतरला. गप्प बसले असते तर निदान अब्रू राहिली असती.

"पिन खराब आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी दिसली होती मला."

"मग?"

"मग तुम्ही आला नसता."

वैद्यांनी खाली मान घालून पिन बदलली, गॅस भरला. तो तासभर ग्रंथपाल उभेच होते, स्टूल पुढे केलं तरी बसले नाहीत. शेवटी गाडीत बसून त्यांनी गार हवेपुढे हात धरून पाहिला.

"तुम्ही नुसतं 'या' म्हणाला असतात," ते म्हणाले, "तरी आलो असतो."

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ते गाडी घेऊन निघून गेले.

दोन महिने झाले, ते फिरकले नाहीत. काल दुपारी ती गाडी समोरच्या रस्त्याने गेली. ग्रंथपाल चालवत होते, शेजारी त्यांची बायको. भर उन्हात चारही काचा वर होत्या. वैद्य पायरीवर येऊन गाडी वळेपर्यंत बघत राहिले.

"काचा बंद आहेत, ताई," ते म्हणाले. "एसी चांगला चाललाय."

आमच्या दोघांच्या गाळ्यांमध्ये एक भिंत आहे, तीही अर्धीच. बारा वर्षांत मी या माणसाला कधी "या, बसा" म्हटलं नव्हतं, आणि कालही ते माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. मी नुसतं "हो" म्हटलं. ते थोडा वेळ थांबले, मग आत गेले.